हॉकिंगच्या पुस्तकात अडकलोय, पुढे काय वाचू?

कॉमर्सवाला आहे, फिजिक्स दहावीनंतर सुटलं. ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम तिसऱ्यांदा हातात घेतलंय, कृष्णविवरापर्यंत मजा येते पण काल्पनिक काळ आला की सगळं डोक्यावरून जातं. गणिताशिवाय समजेल असं दुसरं काही आहे का?

प्रतिसाद १
अरे त्यात लाजायचं काय, १९८८ पासून ते पुस्तक कित्येकांच्या कपाटात अर्धवट पडलंय 😀 एक समीकरण टाकलं की खप निम्मा होतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने फक्त ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर ठेवलं, पण माझ्या मते तिथेच गोची होते, समीकरणं काढली म्हणून कल्पना सोप्या होत नाहीत.

प्रतिसाद २
भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनचं क्यूईडी घे, प्रकाश कसा वागतो त्यावरचं पुस्तक आहे. काचेवर पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के समोरच्या पृष्ठभागावरून परत येतो, का, एवढ्यावरून सुरुवात. मग तो छोटे बाण काढतो, बाणाची लांबी ०.२, तिचा वर्ग ०.०४, म्हणजेच ४ टक्के शक्यता. मागच्या पृष्ठभागाचा तेवढाच बाण त्यात मिळवला की काचेच्या जाडीनुसार दोन्ही बाण एका दिशेला किंवा उलट दिशांना येतात आणि उत्तर शून्यापासून १६ टक्क्यांपर्यंत फिरतं. हे सगळं बेरीज आणि वर्ग एवढ्यावर, बाकी काही लागत नाही. पेन्सिल घेऊन बस मात्र, लोकलमध्ये उभ्याने वाचायचं पुस्तक नाही हे.

धागाकर्ता
बाण जमतील बहुतेक. पण दोन बाण मिळवून शून्य म्हणजे प्रकाश गेला कुठे?

प्रतिसाद २
काचेतून आरपार गेला की!