गुन्हा दाखल आहे म्हणून नर्सिंगचं दार कायमचं बंद?

केळीपट्टा सिस्टर

परवा इथे एका दादांनी लिहिलं, "ज्याच्या नावावर पोलीस ठाण्यात एक ओळ जरी असेल, त्याने नर्सिंगच्या फॉर्मला हात लावू नये. पांढऱ्या कपड्यांवर डाग चालत नाही." खाली अंगठेच अंगठे. रात्रपाळीत वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ती ओळ माझ्या नावावर आहे. २०१३ चा पावसाळा, चोपडा तालुका. बांधावरच्या निंबावरून आमचे बाबा आणि काका एकमेकांच्या अंगावर गेले. कुणीतरी विळा उगारला, काकांच्या दंडाला लागला. मी फक्त आईला मागे ओढत होते. फिर्यादीत आमच्या घरातली सात नावं, मी आरोपी क्रमांक सहा. तेव्हाच्या दंड संहितेची कलमं ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४, म्हणजे हत्याराने इजा, मारहाण, अपमान, धमकी, आणि हे सगळं मिळून केलं म्हणून. वय १९, जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं पहिलं वर्ष. आमच्याकडूनही क्रॉस केस झालीच. पाच वर्षं तारखा. तारखेला युनिफॉर्म पिशवीत घडी करून कोर्टात जायचे आणि तिथून थेट दुपारच्या पाळीला. २०१८ ला दोन्हीकडचे सगळे निर्दोष सुटले. तोवर बाबा आणि काका एकाच ट्रॅक्टरमध्ये केळीचे घड भरत होते.

सरकारी भरतीत नाव लागलं, साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीचा फॉर्म, हातात आला. त्यात प्रश्न होता, आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता का? मैत्रिणी म्हणाल्या, 'नाही' लिही, कोण बघतं. माय म्हणाली, "जे शे ते लिखी दे." मी 'होय' लिहिलं, निकालाची नक्कल जोडली. माझा आदेश इतरांपेक्षा चार महिने उशिरा आला, पण आला.

दादा, गुन्हा दाखल होणं, शिक्षा होणं आणि लपवणं या तीन गोष्टी तुम्ही एकाच पोत्यात भरल्या. त्याचा मला राग आहे.

धुळे आयसीयू

ती पोस्ट माझीच. बावीस वर्षं या कामात आहे, हवेत लिहीत नाही.

२०११ मध्ये माझी आई एका खाजगी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होती. सकाळी भेटायला गेलो तर हातातल्या पाटल्या नाहीत. मनगटावर साबणाचा पांढरा थर वाळलेला. बेशुद्ध बाईच्या हाताला साबण चोळून कुणीतरी पाटल्या काढल्या होत्या. पुढे कळलं, त्या माणसाला आधी चोरीत शिक्षा झालेली होती आणि कामावर घेताना कुणी विचारलंही नव्हतं. आई चौथ्या दिवशी गेली. ती मनगटं मला अजून दिसतात.

आणि पाटल्या तरी परत करता येतात. इंग्लंडच्या हॅरोल्ड शिपमन या डॉक्टरला १९७६ मध्ये पेथिडीन या नशा आणणाऱ्या वेदनाशामकासाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल दंड झाला होता. डॉक्टरकी चालू राहिली. २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. आमच्या वॉर्डात पेथिडीन, फेंटानिल कुलपात असतं, रिकामी अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, मोजून जमा होते, रजिस्टरवर दोन सह्या होतात. पण रात्री अडीचला ती किल्ली ज्याच्या खिशात असते, त्याच्यावर विश्वासच ठेवावा लागतो. रुग्ण बेशुद्ध असतो, ताई. तो तुमचं निकालपत्र वाचू शकत नाही.

सातपुडा पायथा

तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. पण "एक ओळ" म्हणताना आमचे पाडे तुमच्या नजरेसमोर नव्हते.

धडगाव, अक्कलकुव्याकडे घरोघरी मोहाची दारू. लग्नाला, देवाला, मयताला मोहाचीच लागते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं ६५ कलम आमच्या बायांना पाठ आहे. धाड आली की जी घरात सापडेल तिचं नाव लागतं. माझ्या चुलत बहिणीचं असंच लागलं. तेव्हा ती बारावीला होती, मडकं आजीचं होतं. एएनएमला, म्हणजे उपकेंद्रावरच्या सिस्टरच्या कोर्सला, प्रवेश मिळाला तर घरच्यांनीच जाऊ दिलं नाही, म्हणाले नोकरी लागायची नाही, दोन वर्षं फुकट जातील. आज ती उसतोडीला जाते. आमच्या दुर्गम उपकेंद्राला आमची पावरी बोली बोलणारी एएनएम नाही. बाळंतपणाला आलेल्या बाईला काय होतंय हे खुणेने विचारतात.

मेडिकलवाला शहादा

सगळे भलत्याच दारावर पहारा देऊ राहिले. ज्यांच्याकडे नोंदणीच नाही त्यांचं काय? तालुक्याच्या गावात कितीतरी खाजगी दवाखान्यांत दहावी झालेली पोरगी पांढरा कोट घालून आयव्ही लावते. सहा महिन्यांत सलाईन शिकते, वर्षभरात तिला सगळे सिस्टर म्हणतात. नर्सची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नाव तिने ऐकलेलं नसतं. माझ्या दुकानात चिठ्ठी घेऊन येतात, पोटॅशियम क्लोराईड आणि सोडियम क्लोराईड यातला फरक माहीत नसतो. पोटॅशियम शिरेतून भरकन गेलं तर हृदय बंद पडतं. तिच्यावर एकही गुन्हा नाही, चारित्र्य एकदम स्वच्छ!

धुळे आयसीयू

विषय भरकटवू नका. आणि ती सहा महिन्यांची सिस्टर तुमच्याच काउंटरवर येते, तर तक्रार केली का कधी? नाही केली. औषध विकलंत आणि पैसे घेतलेत.

मेडिकलवाला शहादा

तक्रार केली तर त्या डॉक्टरची एक चिठ्ठी माझ्याकडे येणार नाही. दुकानावर चार माणसांचं घर चालतं. तुमचा सरकारी पगार आहे, तुम्हाला सोपं आहे बोलायला.

केळीपट्टा सिस्टर

त्या पोरींवर नका घसरू. माझ्या मावशीची पोर तेच करते. महिना सहा हजार, बारा तास, वर झाडूसुद्धा तीच मारते. जीएनएमची फी भरायला घरात पैसा नव्हता म्हणून तिथे गेली. दोषी तो आहे जो साडेतीन वर्षं शिकलेल्या मुलीला पगार द्यायला लागू नये म्हणून हिला कोट घालतो.

मेडिकलवाला शहादा

जीएनएम तीन वर्षांचं, साडेतीन नाही. पण पगाराचं बोललात ते खरंय. पोरींना बोललो ते परत घेतो.

कोर्टाची पायरी

वकिली करतो, या केसेस रोजच्या. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की पडताळणीच्या फॉर्ममध्ये माहिती खरीच हवी. लपवलं तर त्याच कारणाने नोकरी जाऊ शकते. गुन्हा किरकोळ असेल तर मालक दुर्लक्ष करू शकतो. पण ताई, खरं लिहिलं म्हणजे नेमणूक द्यायलाच हवी असंही नाही. पूर्वेतिहास तपासायचा हक्क मालकाला आहे, गंभीर गुन्ह्यात संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल तर तेही पाहिलं जातं. आणि नोकरीचं सोडा, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली परिषद नोंदणीवरून नाव काढू शकते.

पाड्यावरच्या बहिणीचं सांगतो. तेव्हा वय अठराच्या आत असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ वाचा. अशा मुलाला निकालामुळे पुढे अपात्रता लागू नये, हेच त्यात लिहिलंय. वय जास्त असेल आणि कोर्टाने १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं असेल, तर त्या कायद्याचं कलम १२ आहे, त्यातही शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. शिवाय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायची हमी घेण्याची कारवाई, ती शिक्षा नव्हे. लोक घाबरून तिलाही शिक्षा समजतात.

सातपुडा पायथा

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. ना पोलीस, ना कॉलेज, ना गावातला शिकलेला माणूस. सात वर्षं गेली तिची.

धुळे आयसीयू

सतरा वर्षांच्या पोरीचं आणि मडक्याचं मी लिहिताना धरलं नव्हतं. "एक ओळ" हे शब्द चुकले, मागे घेतो. पण चोरी, औषधांची अफरातफर, रुग्णावर हात टाकणं यात शिक्षा झालेल्या माणसाला मी माझ्या वॉर्डात उभा करणार नाही. कलम बारा दाखवा नाहीतर बावीस.

केळीपट्टा सिस्टर

त्या तिघांना मीही नाही म्हणेन, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पेथिडीनच्या कपाटाची किल्ली माझ्याही खिशात असते.

सातपुडा पायथा, बहिणीला उसतोडीवरून बोलवा. केस कुठल्या कोर्टात होती, नंबर काय, निकाल लागला की अजून पडून आहे, ते आधी काढा. निकाल असेल तर नकलेचा अर्ज टाका. शाळेचा दाखला जन्मतारखेसकट काढून ठेवा, वयाचं भांडण तिथेच मिटतं. फॉर्म भरताना बसायला मी येते. रविवारी सुट्टी असते मला.

धुळे आयसीयू

नकला दोन काढा. आणि लॅमिनेट करू नका, शिक्का तपासता येत नाही म्हणून परत पाठवतात. एएनएमला वयाची अट असते, ती आधी बघा. धुळ्यात काही काम पडलं तर मला सांगा.

सातपुडा पायथा

मुकादमाकडून उचल घेतलीय तिने, फिटेपर्यंत सोडणार नाही. तरी आज रात्री फोन लावतो.