पाने, फुलपाखरू आणि पुनरावृत्ती: कृती सुचवावी
सहा-सात वर्षांच्या मुलांना संगणकाविना संगणकीय विचार (प्रश्नाचे लहान टप्पे पाडून तो पायरीपायरीने सोडवणे) शिकवण्यासाठी मी झाडांची पाने वापरतो. ‘कडा दातेरी आहे का?’, ‘शिरा समांतर आहेत का?’ अशा हो-नाही प्रश्नांनी मुले ढीग विभागतात. नेमके प्रश्न निवडले तर तीनच प्रश्नांत आठ पाने वेगळी करता येतात, हे त्यांचे त्यांनाच उमगले तेव्हा झालेला कल्ला मला फार आवडला. अडचण पुढची आहे. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू या चक्रावरून पुनरावृत्ती (संगणकाने त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा करणे) समजावताना तेच फुलपाखरू पुन्हा अंडे होते, असा मुलांचा समज होतो, म्हणजे एक कल्पना सोपी करताना जीवशास्त्र चुकते. दर फेरीला पिढी बदलते हेही कळेल, अशी हाताने करण्याची कृती कोणी वर्गात करून पाहिली असल्यास कृपया साहित्य व वेळेसह सांगावी.