एमसीबी पाडली होती, टेस्टर पेटला नाही, तरी शॉक बसला. कसा?

शिडीवाला

परवा संध्याकाळची गोष्ट. ऑफिसच्या पॅसेजमधला दिवा बदलायला चढलो होतो. मी वायरमन नाही, पण पंधरा वर्षं इथली किरकोळ कामं मीच करतो. स्विच, होल्डर, पंख्याचा कॅपॅसिटर, एवढंच. डीबीतली, म्हणजे सगळ्या सर्किटांच्या पेटीतली, ‘पॅसेज’ लिहिलेली एमसीबी (एका सर्किटची वीज तोडणारा स्विच) पाडली, दिवा गेला. वर जाऊन दोन्ही वायरींना टेस्टर लावला, पेटला नाही. टेस्टर आधी चालू सॉकेटवर बघून घेतला होता, त्यामुळे तो खराब असल्याचं कृपया सांगू नका.

नव्या दिव्याला वायर आखूड पडत होती, म्हणून सीलिंगमधल्या बॉक्सचं झाकण काढून न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचा, जोड सोडायला घेतला. तीन काळ्या वायरी एकत्र पिळलेल्या, वरची टेप इतकी जुनी की तिचं डांबर झालेलं. पीळ उलगडला, एक टोक डाव्या हातात, दोन उजव्या हातात, आणि ओढली.

झटका बसून हात फेकला गेला असता तर इथे लिहिलंही नसतं. हे वेगळं होतं. मुठी आपोआप आवळल्या. दातावर दात. ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. दोन्ही दंडांत नुसती घरघर. लाकडी शिडी सरकली आणि मी पडलो म्हणून सुटलो. जमिनीवर पडल्यापडल्या मीटिंगच्या खोलीत अंधार दिसला. वाटलं, आपल्याच डोळ्यांपुढे अंधारी आली.

आता डाव्या तर्जनीवर मोहरीएवढा पांढरा डाग आहे, दुखत नाही. उजवा खांदा मात्र ठणकतोय, शर्टाच्या बाहीत हात घालताना जीव जातो. तर करंट आला कुठून? आणि दोन दिवसांनी डॉक्टरकडे जाण्यात काही अर्थ आहे का?

फुकटसल्ला

शॉक खाल्ल्याशिवाय कोणी शहाणा होत नाही. चोकमध्ये वगैरे कॅपॅसिटर असतो, तो चार्ज राहिला असेल. खांदा पडल्यामुळे दुखतोय. बाम लावा, आराम करा.

रात्रपाळी

बाम राहू द्या. मी अपघात विभागात नर्स आहे. दोन दिवसांनीही जाण्यात अर्थ आहे, आजच जा.

हातातून हातात गेलेला करंट छातीतून जातो. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडवत नाही, तुमच्या मुठींचं तेच झालं. त्याच्या काही पट करंट छातीतून राहिला तर हृदयाची लय बिघडते. ती बिघडली असती तर बहुतेक तिथल्या तिथे बिघडली असती, त्यामुळे घाबरू नका. पण ईसीजी काढा. मधे धडधड, चक्कर किंवा लघवीचा रंग चहासारखा गडद, असं काही झालं असेल तर तेही सांगा. लघवी गडद होणं म्हणजे स्नायूंना मार बसल्याची खूण असते.

पांढरा डाग दुखत नाही म्हणून किरकोळ समजू नका. करंट शिरतो किंवा निघतो तिथे खोलवर भाजतं आणि संवेदनाच जाते, म्हणून दुखत नाही.

आता खांदा. हे करून बघा: कोपर बरगडीला टेकवा, काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. वळतो का? शॉकमध्ये खांद्याचे स्नायू इतक्या जोराने आवळतात की हाड सांध्यातून *मागे* सरकू शकतं. पडून खांदा निखळतो तो बहुतेक वेळा पुढे, आणि तो दिसतो. मागे सरकलेला बाहेरून फारसा दिसत नाही, समोरून काढलेल्या एक्स-रेतही निसटतो.

शिडीवाला

वळत नाही. अजिबात. दार बंद असल्यासारखा अडतो. निघतो आता.

जुनावायरमन

खांद्याचं बघून या, मग हे वाचा. घाई नाही.

कॅपॅसिटर नव्हे. कॅपॅसिटरचा चटका क्षणाचा असतो, तो माणसाला धरून ठेवत नाही. उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: मीटिंगच्या खोलीत अंधार झाला. अहो, तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली नव्हती, दिवे खरोखर गेले होते. तुम्हीच ते घालवलेत.

कोणीतरी कधीतरी मीटिंगच्या खोलीला नवे दिवे लावले. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, दुसऱ्या एमसीबीवरून आणला. न्यूट्रल डीबीपर्यंत ओढायचा कंटाळा केला आणि पॅसेजच्या बॉक्समध्ये जवळची काळी वायर दिसली तिलाच पिळून टाकला. याला आम्ही उसना न्यूट्रल म्हणायचो. ऑफिसांत, दुकानांत फार, कारण तिथे पार्टिशन हलतं, खोल्या वाढतात, आणि प्रत्येक वेळी नवा माणूस येतो.

तुम्ही पॅसेजचा फेज बंद केला, बरोबर केलं. पण त्या तीन काळ्या वायरींतून मीटिंगच्या खोलीचा करंट परत चाललाच होता. टेस्टर का पेटला नाही? टेस्टरला व्होल्टेज कळतं, करंट कळत नाही. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेला असतो. जोपर्यंत तो पुढे जोडलेला आहे तोपर्यंत त्यातून 5 अँपिअर वाहोत नाहीतर 50, जमिनीच्या मानाने तो जवळपास शून्यावरच राहतो. तुम्ही जोड उलगडलात त्या क्षणी डीबीकडचं टोक शून्यावर राहिलं, आणि दिव्यांकडचं टोक दिव्यांमधूनच फेजला जाऊन मिळालं. मधली तार तुम्ही झालात. दिव्यांच्या सिरीजमध्ये.

घामट हातांनी माणूस हजार-दीड हजार ओहमचा धरा. चालू दिव्यांचा अडथळा त्यामानाने फार कमी, म्हणजे जवळपास सगळे 230 व्होल्ट तुमच्या अंगावर. 230 भागिले 1500, साधारण 150 मिलिअँपिअर. 10 अँपिअरच्या एमसीबीचा पूर्ण भारच याच्या साठपटीहून जास्त, तिला पत्ताही लागत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे.

माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ती ताडून बघते. घरातल्या बहुतेक 30 मिलिअँपिअरच्या असतात. तेवढी तफावत आली की 0.3 सेकंदाच्या आत पडते. पण तुमच्या अंगातून गेलेला करंट मुकाट्याने न्यूट्रलमध्येच परतला, लाकडी शिडीमुळे जमिनीत काही गेलंच नाही. तिच्या लेखी तुम्ही आणखी एक दिवा. दोन सर्किटांना दोन आरसीसीबी असत्या तर गोष्ट निराळी. उसन्या न्यूट्रलमुळे दोघींचा हिशेब पहिल्या दिवसापासून चुकला असता आणि त्या सारख्या पडल्या असत्या.

काम करताना माझी सवय: न्यूट्रलचा जोड उघडण्याआधी त्याच्या एकेका वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर. एमसीबी बंद असताना तिथे शून्यच हवा. काहीही आकडा आला तर तो जोड उघडायचा नाही, सरळ मेन आयसोलेटर, म्हणजे अख्ख्या बोर्डाचा मुख्य स्विच, पाडायचा. तो न्यूट्रलही तोडतो ना हे आधी बघायचं, कारण प्रत्येक बोर्डात तसा नसतो. आणि काळी वायर म्हणजे न्यूट्रल, हा फक्त वायर ओढणाऱ्याचा शब्द. खरा असेलच असं नाही.

वॉशिंगमशीन

मधेच विचारते, माफ करा. माझ्या घरी मशीनच्या पत्र्याला ओला हात लावला की मुंग्या येतात. स्विच बंद केला की जातात. हाही उसना न्यूट्रलच का?

जुनावायरमन

नाही ताई, तुमच्याकडे बहुधा त्या सॉकेटचं अर्थिंग तुटलंय. मशीनच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, सव्वाशेच्या खाली व्होल्टेजवर तरंगतो. करंट इवलासा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आतल्या फेजच्या वायरीचं इन्सुलेशन फाटून ती पत्र्याला टेकली तर मुंग्यांवर भागणार नाही. पिन काढून ठेवा, अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत मशीन लावू नका. ‘अर्थ आहे की’ असं सांगणाऱ्याला मोजून दाखवायला लावा. तीन भोकांचं, पण पाठीमागे अर्थिंगची वायरच नसलेलं सॉकेट मी कितीतरी वेळा पाहिलंय.

शिडीवाला

पाच दिवसांनी लिहितोय, एका हाताने.

ईसीजी ठीक. खांदा मागे सरकलेलाच होता. समोरच्या फोटोत डॉक्टरांना काही दिसलं नाही. मी ‘पंजा बाहेर वळत नाही’ म्हणून हट्ट धरला तेव्हा काखेच्या बाजूने दुसरा फोटो काढला, त्यात दिसला. भूल देऊन बसवला, तीन आठवडे पट्टा. रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

काका, काल परवानाधारक वायरमनला बोलावलं आणि तुमचं उत्तर वाचून दाखवलं. त्याने पॅसेजची एमसीबी पाडून त्याच जोडावर क्लॅम्प लावला: 1.8 अँपिअर. मीटिंगच्या खोलीचे दिवे घालवले, शून्य. मग डीबीचं पुढचं कव्हर काढलं. तळाशी धुळीत दोन आरसीसीबी सुट्या पडलेल्या होत्या. चांगल्या, चालू. त्यांच्या जागी साधे आयसोलेटर बसवलेले. कुणाला तरी त्या सारख्या ट्रिप होण्याचा वैताग आला असणार.

मीटिंगच्या खोलीला आता डीबीपासून स्वतंत्र न्यूट्रल ओढलाय. दोन्ही आरसीसीबी परत बसवल्या. त्यातली एक अजून दिवसातून एकदा पडते. म्हणजे आणखी कुठेतरी असाच जोड आहे?

जुनावायरमन

असू शकतो, किंवा कुठे ओल धरलीय. त्या आरसीसीबीवरच्या एमसीबी एकेक दिवस बंद ठेवून बघा. बंद करूनही पडतच राहिली तर न्यूट्रलकडे चला, कारण एमसीबी पाडली तरी न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्या बाजूचे न्यूट्रल पट्टीवरून एकेक सोडून तपासावे लागतील. तुम्ही नाही, त्या वायरमनने. मेन पाडून.