हीटर कोअर बदलताना: गळती थांबवणाऱ्या रसायनाबद्दल आणि नळ्यांबद्दल

हीटर कोअर गळू लागला, की डॅशबोर्ड उतरवण्याचे कष्ट टाळण्यासाठी कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) गळती थांबवणारे रसायन ओतावे, असे सुचवले जाते; त्या सूचनेशी मी सहमत नाही. हीटर कोअर म्हणजे गरम कूलंटने हवा तापवणारा, केबिनमधला छोटा रेडिएटरच असतो आणि त्याच्या अरुंद नळ्या अशा रसायनाने सर्वांत आधी चोंदतात. मात्र डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी गळती नक्की कोअरचीच आहे ना, हे प्रेशर टेस्टरने (कूलंटच्या यंत्रणेत दाब देऊन गळती शोधणाऱ्या उपकरणाने) तपासावे. काचेवर तेलकट धुके, गोडसर वास आणि ओला गालिचा ही लक्षणे कोअरकडे बोट दाखवतात, पण होजचा (कूलंटच्या रबरी नळीचा) सैल क्लॅम्प किंवा गळका हीटर व्हॉल्व्हही कधीकधी तशीच फसगत करतो.

जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये खरी काळजी नळ्यांची घ्यावी लागते. वर्षानुवर्षे चिकटून बसलेला होज पिळून ओढल्यास कोअरची पितळी नळी डाखाच्या जोडापाशी तुटते. म्हणून होज लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढावा, तो तसाही बदलायचाच असतो. नवा कोअर बसवण्याआधी बाहेरच हवेच्या हलक्या दाबाने तपासावा आणि त्याच्याभोवतीची फोमची पट्टी नवी लावावी, कारण ती नसेल तर हवा कोअरला वळसा घालून जाते आणि एवढे करूनही केबिन गार राहते. एसीचा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारा भाग) कोअरच्याच पेटीत असेल, तर त्यातील वायू प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच काढून घ्यावा. शेवटी कूलंट भरताना गाडीचे नाक उंच ठेवून, हीटर पूर्ण उष्णतेवर लावून, अडकलेली हवा बाहेर काढावी.