दिनॉर्विक खाण: थोडी भर

वेल्समधली दिनॉर्विकची पाटीच्या दगडाची खाण १९६९ साली बंद पडली आणि विषय संपला, असं कुणी म्हणेल. तसं नाही. खाणीचा १८७० सालचा कारखाना लानबेरिस गावात अजून उभा आहे. १९७२मध्ये त्याचं संग्रहालय झालं. पन्नास फुटांहून मोठ्या व्यासाच्या पाणचक्रावर तिथली यंत्रं १९२५पर्यंत फिरायची. यंत्रांचे सुटे भागही तिथेच धातू ओतून बनवायचे, त्यांच्या साच्यांसाठीचे लाकडी नमुने जपलेत. एवढी यंत्रं असूनही दगडाचे पातळ पापुद्रे काढायचे ते छिन्नी लावून, हातानंच! २०२१मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आणि त्याच डोंगराच्या पोटात आता जलविद्युत केंद्र आहे: रात्री पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, विजेची मागणी वाढली की खाली सोडायचं.