मदत हवी आहे: टर्बो डब्ल्यूआरएक्सचं इंजिन गेलंय, बदली कोणतं घालू?

बूस्टवेडा

नमस्कार मंडळी. गाडी २००७ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, अमेरिकी बाजारातली. २.५ लिटरचं टर्बो ईजे२५५ इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. केलेले बदल: एसटीआयचा (याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा) व्हीएफ३९ टर्बो, त्याचाच टॉप माउंट इंटरकूलर, ३ इंची डाउनपाइप, ताशी २५५ लिटरचा फ्युएल पंप. एवढ्यावर ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची म्हणजे ईसीयूची जुळवणी) झाला. मोठ्या व्यासाचा इनटेक त्यानंतर बसवलाय.

लक्षणं: आयडलला इंजिन थरथरतं, पी०३०४ (चौथा सिलिंडर मिसफायर) कोड येतो, कॅच कॅन (क्रँककेसच्या वाफेतलं तेल साठवणारा डबा) भराभर भरतो, बूस्टमधून (टर्बोच्या दाबातून) पाय काढला की निळसर धूर. खडखड किंवा ठोके नाहीत. कॉम्प्रेशन, इंजिन गरम आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून: पहिला १४२, दुसरा १३८, तिसरा १४०, चौथा ८५ पीएसआय.

समोर चार पर्याय आहेत:
१. वापरलेलं अख्खं ईजे२५५
२. कंपनीचा नवा ईजे२५७ शॉर्ट ब्लॉक (हेड्सशिवायचं इंजिन), त्यावर माझीच हेड्स
३. जपानी बाजारातलं वापरलेलं २ लिटरचं ईजे२०७
४. फोर्ज्ड पिस्टन घातलेला २.५ चा शॉर्ट ब्लॉक

चाकांवर साधारण ३२० एचपी हवेत, तेही साध्या पेट्रोलवर. गाडी रोजच्या वापरातली, अधूनमधून ट्रॅकवर जाते. काय घ्यावं?

पानापक्कड

इंजिन निवडायच्या आधी लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती मोजा. नुसत्या कॉम्प्रेशनच्या आकड्यावरून रिंग गेली की व्हॉल्व्ह जळला ते कळत नाही. चौथा सिलिंडर टीडीसीला (पिस्टन हेडच्या टोकाला) आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करा, हवा सोडा आणि कान लावा. डिपस्टिकच्या किंवा ऑइल फिलरच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग किंवा पिस्टन. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट. व्हॉल्व्ह निघाला तर फक्त हेडचं काम आहे, ब्लॉक घ्यायची गरजच नाही.

प्लगच्या भोकातून तेल ओतून परत कॉम्प्रेशन घ्यायची युक्ती इथे फारशी उपयोगाची नाही. बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवा असतो, तेल खालच्या बाजूला साचतं आणि रिंगच्या वरच्या भागापर्यंत पोचतच नाही. निकाल फसवा येतो.

लगे हाथ ऑइल फिल्टर कापून बघा. करवतीने नको, तिचाच चुरा आत पडतो. फिल्टर कटर वापरा. आतला कागद पात्याने सोडवा, घड्या उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरा, दाबून तेल निथळू द्या आणि बॅटरीचा उजेड तिरपा मारा. जे चमकेल त्यावर चुंबक फिरवा. चिकटलं तर लोखंड-पोलाद. नाही चिकटलं तर पिस्टनचं ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा थर. करड्या किंवा तांबूस चपट्या पापड्या असतील तर बेअरिंगवर संशय घ्या, ठोके ऐकू येत नसले तरी.

माझा अंदाज मात्र रिंगलँडचा. २.५ टर्बोत चौथ्याच्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली कडा तुटणं हा या इंजिनाचा ओळखीचा आजार आहे.

लॅम्डा

अंदाज बरोबर ठरला तर कारण तुमच्या पहिल्याच परिच्छेदात आहे: ट्यूननंतर बसवलेला इनटेक.

या गाडीचा ईसीयू हवा मोजतो ती इनटेकच्या नळीतल्या एमएएफ सेन्सरने, आणि सेन्सरला फक्त त्याच्यासमोरून जाणारा झोत कळतो. नळीचा व्यास वाढला की तेवढ्याच हवेला झोताचा वेग कमी पडतो आणि ईसीयूला वाटतं हवा कमी आली. मग दोन गोष्टी एकदम बिघडतात. एक, पेट्रोल कमी पडतं. दोन, हिशोबातला लोड कमी निघाल्यामुळे टायमिंगच्या तक्त्यात तो हलक्या लोडच्या रकान्यात जातो, तिथे स्पार्क जास्त ॲडव्हान्स असतो. म्हणजे पूर्ण बूस्टवर मिश्रण पातळ आणि स्पार्क लवकर. नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) व्हायला आणखी काय लागतं! आयडलला आणि सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सावरून घेतो, म्हणून रोजच्या वापरात काही जाणवत नाही. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सर बाजूला ठेवला जातो.

त्यात २.५ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९९.५ मिमी. ज्योतीला लांबचा पल्ला, म्हणून नॉकची प्रवृत्ती मुळात जास्त. कारखान्याचे पिस्टन हायपरयुटेक्टिक कास्टचे, कडक पण ठिसूळ. नॉकचा मार बसला की वाकत नाहीत, तुटतात.

कॅच कॅनचंही बघा. क्रँककेसची तेलकट वाफ इनटेकमध्ये जात असेल तर पेट्रोलचं ऑक्टेन प्रत्यक्षात घसरतं. नव्या इंजिनाला चांगला एअर-ऑइल सेपरेटर लावा.

आता पर्याय. पहिला बाद. तोच पिस्टन, वर त्याचं पूर्वायुष्य अज्ञात. कुणाच्या ट्यूनवर किती पळालंय कोण सांगणार?

दुसरा म्हणजे २४५७ सीसी, सेमी-क्लोज्ड डेक (सिलिंडरच्या वरच्या कडेला अर्धवट आधार). ३२० ला चालतो, पण ट्यून सांभाळून हवा: पूर्ण बूस्टवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७६ ते ०.७८ आणि टायमिंगमध्ये हाव नको. चूक पोटात घालायची ताकद या पिस्टनमध्ये नाही.

ट्रॅकवर जाणार असाल तर माझं मत चौथ्याला, आणि पिस्टन ४०३२ मिश्रधातूचे. २६१८ वाले मार जास्त सोसतात, पण तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून सिलिंडरशी मोकळीक जास्त ठेवावी लागते. थंड इंजिनाला पिस्टन वाजतो, तेलही थोडं जास्त खातं. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त, फुगणं कमी, मोकळीक घट्ट. ३२० एचपीच्या रोजच्या गाडीला २६१८ ची गरज दिसत नाही. कारखान्याचे रॉड या ताकदीला पुरतात, तिथे पैसे घालू नका. मोकळीक नेटवरच्या आकड्यावरून ठरवू नका, पिस्टनच्या डब्यातल्या कागदावरचीच धरा. आणि होनिंग (सिलिंडर आतून घासून नेमका गोल करणं) हेडच्या जागी टॉर्क प्लेट बसवूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही.

चौथागिअर

ईजे२०७ बद्दल लिहितो, कारण त्याच्या ८००० आरपीएमच्या मोहात बरेच जण पडतात.

इंजिन उत्तमच. ९२ गुणिले ७५ मिमी, १९९४ सीसी. बोअर लहान, सिलिंडरच्या भिंती जाड, नॉकला जास्त धीराने तोंड देतं. पण अदलाबदल सरळ नाही. नंतरच्या आवृत्त्या ट्विन स्क्रोल (टर्बोत एक्झॉस्टचे दोन वेगळे मार्ग) आहेत, त्यांचा हेडर, अप-पाइप, टर्बो सगळं वेगळं, ऑइल चेंबरसुद्धा. तुमचा सिंगल स्क्रोल व्हीएफ३९ आणि डाउनपाइप ठेवायचा तर एक्झॉस्टचा सगळा संच सिंगल स्क्रोलचा जुळवावा लागेल. कॅम-क्रँक सेन्सरचे ट्रिगर, एव्हीसीएस (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा), थ्रॉटल केबलचा की इलेक्ट्रॉनिक, हे सगळं तुमच्या वायरिंगशी आणि ईसीयूशी ताडून बघावं लागतं. आणि ते वापरलेलंच इंजिन, खोलून बेअरिंग बघितल्याशिवाय बसवू नये. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

शिवाय अर्धा लिटर कमी, त्यामुळे हाच टर्बो उशिरा जागा होईल. गाडी रोजची आहे म्हणता, तर २.५ ची खालची ताकद हवीहवीशी वाटेल.

आता कुणी न विचारलेला मुद्दा: गिअरबॉक्स. दात तोडतो तो टॉर्क, एचपी नव्हे. २.५ वर व्हीएफ३९ लवकर भरतो आणि पाच गिअरच्या बॉक्सला सगळ्यात जास्त मार तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर बसतो. ट्यूनरला सांगून बूस्ट चढत चढत वर न्या, ३००० लाच शिखर नको. ३२० वरच्या आरपीएमला काढता येतात. ताकद याहून वाढवायचा विचार असेल तर एसटीआयचा सहा गिअरचा बॉक्स हिशोबात धरा, इंजिनाच्या आधी.

बूस्टवेडा

लीकडाउन केली. चौथ्यात ४५ टक्के गळती, फुसफुस डिपस्टिकच्या नळीतून. बाकीचे ७ ते ९ टक्के. कॅमेरा घालून बघितलं तर चौथ्याच्या भिंतीवर उभे ओरखडे. फिल्टरमध्ये बारीक चमचमणारे कण, चुंबकाला न चिकटणारे.

फक्त चौथा पिस्टन बदलून होन करून चालेल का? आणि शॉर्ट ब्लॉक घेतलाच तर सोबत काय काय बदलावं लागेल?

पानापक्कड

एक पिस्टन बदलून भागणार नाही. कॅमेऱ्यात दिसण्याइतका ओरखडा होनने सहसा जात नाही. नख अडकत असेल तर बोअर ९९.७५ ला न्यावा लागतो, म्हणजे चारही पिस्टन ओव्हरसाइज. केस फोडायची, क्रँक मोजायचा, बेअरिंग नवी. एवढं केल्यावर नव्या शॉर्ट ब्लॉकपेक्षा फार काही वाचत नाही. तुमचा ब्लॉक हाताशी आहे म्हणून फोर्ज्ड पिस्टनसाठी तोच बोअर करून घेत असाल तर गोष्ट वेगळी, हिशोब बसतो.

सोबत काय बदलायचं, तर तेल जिथून जिथून फिरलं ते सगळं. धातूचे कण तेलात होते हे विसरू नका, नवी इंजिनं पहिल्या काही तासांत जातात ती याच कारणाने.

ऑइल फिल्टरच्या मागचा ऑइल कूलर नवाच घ्या. त्याच्या आतल्या जाळीतले कण कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाहीत. बाहेरचा वेगळा कूलर लावला असेल तर तोही गेला समजा. ऑइल पंप नवा, ११ मिमी रोटरचा. बसवण्याआधी त्याच्या मागच्या प्लेटचे स्क्रू काढून थ्रेडलॉक लावून परत आवळा, ते सैल होतात. पिकअप ट्यूब जोडाच्या ठिकाणी तडकते आणि ती हवा ओढायला लागली की बेअरिंग गेलंच, म्हणून मजबूत ब्रॅकेटची घ्या. टर्बोच्या आणि एव्हीसीएसच्या तेलाच्या बँजो बोल्टमध्ये बारीक जाळ्या असतात. त्या काढून बघा, तुंबलेल्या असतील तर नव्या घाला. एव्हीसीएसचे सोलेनॉइड धुऊन तपासा.

टर्बो बाजूला काढून टर्बाइनची पाती नीट बघा. पिस्टनचा तुकडा एक्झॉस्टमधून निघाला असेल तर पात्यांच्या कडा खचलेल्या दिसतील. शाफ्ट बोटाने हलवून पाती हाउसिंगला घासतात का ते बघा. घासत असतील तर तो टर्बो नव्या इंजिनावर लावू नका.

हेड्स धुऊन घ्या, फेस सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासा. कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त वाक असेल तर फेस मारून घ्या. गास्केट मल्टी-लेयर स्टीलचंच. व्हॉल्व्हची मोकळीक थंड असताना इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.३५ मिमी, इंजिन गाडीत चढवण्याआधीच बघा, नंतर हात शिरत नाही. टायमिंग बेल्ट, सगळे आयडलर, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदला. हे इंजिन इंटरफेरन्स आहे, बेल्ट सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

लॅम्डा

पहिल्या स्टार्टची पद्धत: इंजेक्टर आणि कॉइलचे प्लग काढून ठेवा, स्पार्क प्लगही काढा, आणि ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थोडं थोडं क्रँक करा. सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, स्टार्टर तापतो. दिवा विझला यावर विसंबू नका, गेज लावा.

जुना मॅप टाकू नका. बेस मॅपमध्ये एमएएफचं स्केलिंग या इनटेकसाठी नव्याने झालेलं हवं, किंवा सरळ मूळ एअरबॉक्स परत बसवा. ३२० साठी तो पुरेसा मोकळा आहे. पहिल्या टप्प्यात बूस्ट फक्त वेस्टगेटच्या (बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगइतका. वाइडबँड (मिश्रण अचूक मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) पहिल्या दिवसापासून हवा.

बूस्टवेडा

म्हणजे माझाच ब्लॉक ९९.७५ ला बोअर करून ४०३२ पिस्टन, मूळ एअरबॉक्स परत. ब्रेक-इनला तेल कोणतं? सिंथेटिक चालेल?

पानापक्कड

सुरुवातीला सिंथेटिक नको, रिंग बसायला वेळ लागतो. साधं मिनरल किंवा ब्रेक-इन तेल. पहिलं साधारण ८० किमीला काढा, फिल्टरसकट, आणि तो फिल्टर आधीसारखाच कापून बघा. थोडा चुरा दिसेल, घाबरू नका. पापड्या दिसल्या तर थांबा. दुसरं ८०० ला, तिसरं १६०० ला, मग ५डब्ल्यू-४० सिंथेटिक. आयडलवर तासन्‌तास ठेवू नका, रिंगला बसायला दाब लागतो. ४००० च्या खाली, आरपीएम सतत बदलत, हलका लोड देत आणि मध्ये मध्ये गिअरमध्येच पाय काढत चालवा. क्रूझ कंट्रोल बंद. १६०० नंतर परत लीकडाउन घ्या आणि चारही आकडे इथे टाका, मगच ट्यूनरची वेळ ठरवा.