अनंताची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार – नक्की काय झालंय?

सायली_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या बंगल्यात कंपाउंडच्या भिंतीला लागून डबल अनंताचं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं, आता माझ्या खांद्याला लागतं. गेल्या पावसाळ्यापासून त्याची शेंड्याकडची पानं पिवळी यायला लागलीयेत. पिवळी म्हणजे अगदी लिंबासारखी, पण शिरा हिरव्याच, जाळी काढल्यासारख्या स्पष्ट दिसतात. सगळ्यात कोवळी पानं तर जवळजवळ पांढरी आणि त्यांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या. खालची जुनी पानं मात्र मस्त गडद हिरवी आहेत. कळ्या येतात पण हरभऱ्याएवढ्या झाल्या की गळतात.

माती आमच्याकडची काळी, पाणी बोअरचं (नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ते घरात वापरायला ठेवावं लागतं). शेणखत घातलंय, नर्सरीवाल्यांनी १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) खत दिलं तेही घातलं, व्हिडिओत बघून एप्सम सॉल्ट पण टाकलं, फरक काहीच नाही. शेजारीच जास्वंद आणि तगर आहेत त्यांना काही झालेलं नाही, म्हणून जास्त कोड्यात पडलेय. हा रोग आहे की खत कमी पडतंय? घरातले म्हणतात काढून टाक आणि दुसरं लाव, पण मला हे झाड घालवायचं नाहीये. प्लीज कुणीतरी नीट सांगा.

विनय७२

मावा किंवा पांढरी माशी असेल. कडुनिंबाचं तेल ५ मिली एक लिटर पाण्यात, दोन थेंब लिक्विड सोप, संध्याकाळी फवारा. माझ्या गुलाबाला फरक पडला.

रोपवाटिका_तळेगाव

विनयदादा, कीड असती तर पान चिकट लागलं असतं, वाकडं झालं असतं, नाहीतर पानामागे काहीतरी दिसलं असतं. सायलीताईंनी जे वर्णन केलंय त्यात निदान आधीच आहे, फक्त ते वाचता यायला पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनंताचं पान पिवळं दिसलं की आधी एवढंच बघायचं की पिवळेपणा झाडावर कुठे आहे, शेंड्याला की बुडाला. नत्र आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरती असतात, कमी पडली की झाड जुन्या पानातली काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे आधी खालची पानं पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर खालचं पान सगळंच्या सगळं फिकट होतं, शिरांसकट. मॅग्नेशियमला कडेकडून पिवळं पडत येतं आणि देठाजवळ मधल्या शिरेला धरून हिरवा त्रिकोण राहतो. लोह मात्र एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही. म्हणजे लोह कमी पडलं की फटका बसतो तो नव्या पानाला, जुनी हिरवीच राहतात, आणि शिरा हिरव्या न् मधला भाग पिवळा असं चित्र दिसतं. तुमचं झाड हुबेहूब तेच सांगतंय. म्हणूनच एप्समने काही झालं नाही, त्यात मॅग्नेशियम आहे, लोह नाही. आता ते बंद करा.

पण लगेच लोह विकत आणायला पळू नका. काळ्या मातीत लोह भरपूर असतं. प्रश्न असा आहे की मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) साडेसातच्या वर गेला की ते लोह झाडाला घेता येईल अशा रूपात राहतच नाही. अनंताला साधारण ५ ते ६ सामूची माती लागते, तुमच्याकडची ८ च्या आसपास असणार. त्यात बोअरचं पाणी. कुंडीच्या कडेला किंवा नळाच्या तोंडाला पांढरी खरपुडी धरते का बघा, धरत असेल तर प्रत्येक पाण्याबरोबर तुम्ही मुळाशी थोडा थोडा चुना सोडताय. आणि भिंतीला लागून म्हणालात. भिंतीचं प्लास्टर अलीकडे झालंय का? त्या पडलेल्या मालातला सिमेंट-चुना बहुतेक वेळा तिथेच मातीत मिसळलेला असतो.

जास्वंद आणि तगर अशा मातीत निभावून नेतात, त्यांचं बघून अंदाज बांधू नका. आसपास कुणाकडे एक्झोरा असेल तर तो बघा, तो अनंताच्याच कुळातला, काळ्या मातीत त्याचीही हीच तक्रार असते.

घरच्या घरी एक खात्री करून घ्या. बुडाजवळची मूठभर माती वाळवून बशीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे.

मीनल_डोंबिवली

मी ताक घालते महिन्यातून एकदा, चहाचा चोथा पण. माझा अनंत एकदम छान आहे. केमिकलची गरजच काय?

कृष्णाकाठ_वाळवा

मीनलताई, तुमच्याकडं कुंडीत असणार आणि पाणी धरणाचं, मऊ. तिथं काहीही घाला, चालून जातंय. आमच्या काळ्या रानात पेलाभर ताकानं सामू हलत नाही.

सायलीताई, तुमच्या अनंताला झालंय ते आम्ही उसात कायम बघतो. चुनखडीच्या पट्ट्यात ऊस केवडा पडतो, नवी पानं पांढरी-पिवळी, शिरा हिरव्या. त्यावर जे करतो तेच तुमच्या झाडाला लागू होतंय, नीट वाचा.

पहिलं, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. जमिनीत नुसतं टाकलं तर चुनखडीच्या मातीत थोड्याच दिवसात अडकून बसतं, पैसे वाया. द्यायचंच तर कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवून द्या, मग थोडं तरी लागू पडतं. फवारणीला मात्र चांगलं. एक लिटर पाण्यात २ ते ३ ग्रॅम, आणि त्यात १ ग्रॅम सायट्रिक ऍसिड आधी विरघळवा. खडे फिकट हिरवे असले तरच घ्या, तांबूस-तपकिरी पडलेले असतील तर ते उतरलेलं असतंय. उन्हात मारू नका आणि फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाही.

दुसरं, दुकानात चिलेटेड फेरस (लोह मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं) मागितलं की बहुतेक १२ टक्के लोहाचं ईडीटीए प्रकारचं हातात देतात, पिवळसर पावडर. ते फवारायला ठीक आहे, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. पण तुमच्यासारख्या मातीत मुळाशी ओतायला त्याचा उपयोग नाही, सामू साडेसहाच्या वर गेला की ते टिकत नाही. मुळाशी द्यायला ईडीडीएचए हा दुसरा प्रकार मागा, ६ टक्क्यांचं, गडद तांबडं-काळपट असतंय, पाण्यात टाकलं की पाणी लालभडक होतं. महाग आहे पण चुनखडीत तेच टिकतं. तुमच्या उंचीच्या झाडाला ५ ते १० ग्रॅम बादलीभर पाण्यात, संध्याकाळी, कारण उन्हानं ते खराब होतं, आणि वरून थोडं साधं पाणी द्या म्हणजे खाली मुळापर्यंत जाईल.

आणि सगळं करायच्या आधी एक चाचणी घ्या ताई, खर्च काही नाही. एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला त्याच हिराकसच्या पाण्यात बुडवलेला कापूस फिरवा, अर्धा तसाच सोडा, फांदीला दोरा बांधून खूण करा. आठ-दहा दिवसात पुसलेली बाजू हिरवी झाली तर लोहच, दुसरं काही नाही. फवारलं तरी तसंच दिसतं, जिथं थेंब पडला तिथं हिरवा ठिपका आणि शेजारी पिवळं तसंच. म्हणून फवारा बारीक आणि दोन्ही बाजूंनी भिजेल असा पाहिजे.

सायली_सोलापूर

बापरे, एवढं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. रोपवाटिकावाले दादा, हो, भिंतीचं प्लास्टर गेल्याच उन्हाळ्यात झालं! आणि व्हिनेगर ओतल्याबरोबर माती अक्षरशः फेसाळली, सोडा टाकल्यासारखी. जास्वंदीखालची माती पण फसफसली पण बरीच कमी. काका, कापूस फिरवून दोरा बांधलाय. एक विचारायचं होतं, गंधक टाकून सामू खाली आणता येतो असं वाचलं, ते करू का?

रोपवाटिका_तळेगाव

गंधक चांगलं, पण जिथे मोकळा चुना नाही तिथे. मातीतले जिवाणू गंधकाचं हळूहळू आम्ल करतात, त्यालाही महिने लागतात, आणि ते आम्ल आधी चुना खाऊन संपवतो. हिशोब सांगतो. १ किलो चुनखडी मोडायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागतं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात अंदाजे ३०० किलो माती, तिच्यात ५ टक्के चुनखडी धरली तर १५ किलो, म्हणजे जवळपास ५ किलो गंधक फक्त तेवढ्या खड्ड्याला. एवढं एकदम टाकलं तर झाड जगायचं नाही, आणि बोअरचं पाणी नवा चुना आणतच राहणार. माती तपासायला दिलीत तर रिपोर्टमध्ये सामूबरोबर ‘मुक्त चुना’ असा आकडा येतो, तो बघून ठरवा, पण एवढी फसफसत असेल तर मी गंधकाच्या नादाला लागणार नाही.

तुमच्या जागी मी दोन गोष्टी करेन. आत्ता ईडीडीएचए आणि फवारणी, म्हणजे झाड तग धरेल. आधीच पांढरी पडून करपलेली पानं सुधारणार नाहीत, नवी पालवी कशी येते त्यावरून ठरवा. आणि पाणी बदला. एसीचं पाणी बादलीत जमवता का? त्यात क्षार नसतात, अनंताला अमृत आहे ते. पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रममध्ये धरा. बोअरचंच द्यावं लागलं तर माती वरून दोन बोटं सुकल्याशिवाय देऊ नका. काळी माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि हाच पिवळेपणा वाढतो, गेल्या पावसाळ्यात सुरू झालं त्याला हेही कारण असणार. कळ्या गळतात त्याचंही मूळ बहुतेक तिथेच आहे, मूळ आजारी आणि वरून कडक ऊन.

राख, अंड्याची टरफलं, हाडांचं खत, चुन्याची निवळी, यातलं काहीही अनंताच्या बुडाशी नको. बाकी झाडांना चालेल, याला नाही. नत्रासाठी अमोनियम सल्फेट चमचाभर, महिना-दीड महिन्यातून एकदा, ते थोडं आम्लधर्मीही आहे.

मालवणी_परसबाग

आमच्याकडे तांबडी माती, पाऊस धो धो, चुना टिकतच नाही जमिनीत, त्यामुळे अनंत परसात कुणी न बघता वाढतो. पण पानांचा त्रास आमच्याकडेही असतोच, फक्त वेगळा. पानावर काजळी धरते, काळी, बोटाने पुसली तर निघते आणि खाली पान हिरवंच असतं. ती काजळी हा मूळ रोग नाही. वरच्या फांद्यांवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण बसलेला असतो, त्याचा चिकटा खालच्या पानावर पडतो आणि त्यावर ही बुरशी वाढते. खोडावरून मुंग्यांची रांग जात असेल तर तिच्या मागे मागे बघत जा, कीड सापडतेच. अशा वेळी विनय यांनी सांगितलेलं कडुनिंबाचं तेल बरोबर, पण पानाच्या खालून आणि देठाच्या बेचक्यात गेलं पाहिजे. मुंग्या थांबवल्याशिवाय कीड जात नाही, हे लक्षात ठेवा. आणि नवी पालवी यायच्या आधी खालची चार-दोन जुनी पानं पिवळी होऊन गळतात ते नैसर्गिक आहे, त्याला काही करू नये.

गच्चीवरची_बाग_ठाणे

मध्येच विचारतेय, माझ्या अनंताची पानं पिवळी नाही तर गायबच होतायत, सकाळी बघावं तर फांदीला नुसता मधला देठ. किडा काही दिसत नाही. उंदीर का?

मालवणी_परसबाग

उंदीर नाही, अळी आहे. कुंडीखाली फरशीवर काळपट, जाडसर लेंड्या पडल्यात का बघा, पडल्या असतील तर बरोबर त्याच्या वरची फांदी शोधा. पानाच्याच हिरव्या रंगाची, बोटाएवढी जाड, अंगाच्या दोन्ही बाजूंनी फिकट रेघ आणि शेपटीला शिंग. ते शिंग टोचत नाही, हाताने उचलून काढा. तिचा पतंग पारदर्शक पंखांचा असतो, दिवसाच फुलांवर भुंग्यासारखा घोंघावतो. एका झुडपावर दोन-चारच असतात, औषधाची गरज नाही. पानं परत फुटतात.

कृष्णाकाठ_वाळवा

सायलीताई, कापसाचं काय झालं?

सायली_सोलापूर

काका, पुसलेली बाजू हिरवी झाली, मधल्या शिरेपासून सरळ रेघ ओढल्यासारखी! फोटो काढून घरात सगळ्यांना दाखवला. ईडीडीएचए इथे मिळेना, एका द्राक्षबागायतदार ओळखीच्यांकडून थोडं आणलं आणि काल संध्याकाळी दिलं. आता पाऊस सुरू झाला की झाड भिंतीजवळून काढून मोठ्या ड्रममध्ये लावू का? नर्सरीत लाल माती मिळते.

रोपवाटिका_तळेगाव

एवढं मोठं झाड हलवण्यात धोका आहे, काळ्या मातीतून मुळाचा गड्डा फुटतो. जुलैत आधी कलमं करून घ्या. या वर्षीचीच फांदी, पण कोवळी लुसलुशीत नको, थोडी तपकिरी व्हायला लागलेली, चार-पाच इंच, खालची पानं काढून वरची दोन-तीन ठेवा. ओलसर कोकोपीटमध्ये खोचून वर पारदर्शक पिशवी, सावलीत. साधारण दीड महिन्यात मुळं धरतात. ती ड्रममध्ये लावा, निम्मी लाल माती, बाकी कोकोपीट आणि पानांचं कंपोस्ट, तळाला भोकं मोठी. लाल माती आणताना बशीत व्हिनेगर ओतून बघा, रंग लाल असला म्हणून चुना नसतोच असं नाही. कलमं जगलेली दिसली की मग मोठं झाड हलवायचं का ते ठरवा, तोवर त्याला तिथेच राहू द्या आणि लोह चालू ठेवा.